वाऱ्यानं तापवलेलं पाणी

पौषातल्या सकाळी आमचे लांज्याचे व्याही न्हाणीत नळाखाली बसले, नळ सोडला आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून टेकडीवरच्या सड्यावर पळाली. इतके मोठ्यानं ओरडले!

"विहीणबाई, ह्यो बर्फ हाय!"

लेकीचे सासरे ते. पहिल्यांदाच मुक्कामाला आलेले.

दोष माझा. आमच्या ह्यांनी पालीला तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. ती विकल्यावर एकदा म्हणाले, "पीठ गरम का निघतं? घासून. मग वाऱ्यानं पाणी घासलं तर?" मला पटलं. (मी चौथी पास.) परसात खांबावर पत्र्याची पाती चढली, खाली पिंपात लाकडी रवी, पिंपाचा नळ न्हाणीत. घाटावरून उतरणारा गार वारा पाणी घुसळायचा. तापायचंही! म्हणजे, होतं त्यापेक्षा जरा कमी गार व्हायचं.

हे रोज हात बुडवून बघायचे आणि गप्प बसायचे. गिरणी गेल्यापासून तसेही बोलत नव्हते. मला बघवेना. पहाटे उठून चुलीवरचे दोन हंडे गुपचूप पिंपात ओतू लागले. पाणी वाफाळलं आणि ह्यांना वाचा फुटली! इतकी, की लांज्याला फोन गेला.

त्या दिवशी व्याही माझ्याआधी उठून पिंपाशी खुर्ची टाकून बसलेले.

"आत चला, चहा घ्या."

"इथंच द्या. वारा पाणी कसा तापवतो ते बघतोय."

झाकण उघडायला ह्यांनी त्यांना मनाई केलेली. "ऊब जाते!" मी चारदा हंडा घेऊन दारात आले, चारदा परत फिरले.

मग ती आरोळी.

घोंगडीत गुंडाळून व्याह्यांना चुलीपुढं बसवलं. वर हंडा खदखदत होता. त्यांनी हंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. लेकीला तिथं जन्म काढायचाय. मी सगळं सांगून टाकलं.

हे शांत. "ठाऊक होतं. पिंपात रोज राख तरंगायची. वाऱ्यात राख कुठली?"

"मग व्याह्यांना बोलावलंत कशाला?"

"मला वाटलं, तू ओतशील."

व्याही कुडकुडणं सोडून इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

म्हणजे ह्यांचं मन राखायला मी महिनाभर झोपमोड केली आणि माझं मन राखायला हे महिनाभर कढत पाण्यानं मजेत न्हात होते!

व्याही तीन दिवस शिंकले. जगले. लेक नांदते आहे. आम्ही दोघंही आहोत. पहाटे अजून मीच उठते.