न लावलेली वायर

अर्ध्या खाटेवर मुगवड्या घालून झाल्या होत्या, अर्धी अजून कोरीच होती, तेवढ्यात मैनाबाईंचा फोन वाजला. दोन्ही हात मनगटापर्यंत वाटलेल्या डाळीत. ते पदराला पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही, तशाच बोटांनी फोन उचलला. काचेवर पिवळा फराटा उठला, पण नाव वाचता आलं. गजेंद्र.

"आई, गाडी कालही चार्जिंगले नाही लावली?"

"विसरली रे राजा," मैनाबाई म्हणाल्या आणि अंगणातल्या गाडीकडं पाठ करून बसल्या.

मैनाबाई अमरावतीला साईनगरात राहतात. महादेवराव जाऊन सहा वर्षं झाली. एकुलता एक गजेंद्र आधी पुण्यात होता, दोन वर्षांपासून जर्मनीत आहे. गाड्या किती पेट्रोल खातात, किती धूर सोडतात, हे मोजायचं त्याचं काम. जाण्याआधी त्यानं आपली पुण्याची गाडी आईच्या अंगणात आणून उभी केली. ही गाडी विजेवरही चालते आणि पेट्रोलवरही. घरच्या प्लगला वायर लावून ठेवली की पहिले चाळीस किलोमीटर नुसत्या विजेवर जाते, धूर नाही की घरघर नाही. वीज सरली की पेट्रोल सुरू. वायर लागली की नाही, हे तिकडं बसल्या जागी गजेंद्रला मोबाइलवर दिसतं.

पहिलं वर्षभर मैनाबाईंनी एक दिवस चुकवला नाही. दिवेलागणीला तुळशीपुढं निरांजन लावायचं, हात जोडायचे, आणि त्याच पावली जाऊन गाडीला वायर लावायची. दसऱ्याला त्या प्लगलाही हळदकुंकू लागलं. दर दुसऱ्या मंगळवारी त्या अकोल्याला जात. थोरली बहीण मनकर्णाबाई तिथं अंथरुणाला खिळलेली. गाडी चालवायला शेजारचे गोपालभाऊ, एसटीतून रिटायर झालेले, महादेवरावांचे दोस्त.

गजेंद्रचा फोन आधी दर रविवारी यायचा. मग एकाआड एक रविवार, मग सणावाराला. मधल्या दिवसांत फुलांची चित्रं आणि "शुभ सकाळ". मैनाबाई त्या फुलांना उलट अंगठ्याचं चित्र पाठवत. आपण फोन केला तर "आई, मीटिंगमधी आहे, करतो" एवढंच ऐकू येई, आणि ते "करतो" तिथंच राही.

गेल्या श्रावणात तीन दिवस घरात पाहुणे होते. त्या धांदलीत वायर लावायची राहिली. चौथ्या दिवशी दुपारी गजेंद्रचा फोन.

"आई, गाडी लावली नाही? तब्येत बरी आहे ना तुही?"

चांगला पाव तास बोलला. गुडघ्याचं विचारलं, मावशीचं विचारलं, तिकडं भेंडी कशी मिळते तेही सांगितलं. त्या दिवशी मैनाबाईंना जेवण गोड लागलं.

पुढल्या आठवड्यात त्यांनी वायर लावली नाही. मुद्दाम नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुन्हा फोन आला. त्यानंतर मात्र मुद्दाम. तीन दिवस वायर खुंटीला टांगून ठेवायची, चौथ्या दिवशी फोन येतो, हा हिशेब त्यांना एकादशीसारखा पाठ झाला. दर वेळी "विसरली रे राजा." संध्याकाळी पोथी उघडली की त्या तीन शब्दांवरून नजर पुढं सरकत नसे.

आजचा फोन मात्र वेगळा होता.

"आई, एक सांगू? आमच्या हापिसात सारे म्हणतात, या गाड्या कागदावरच चांगल्या. रस्त्यावर कागदापेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल पेतात. कावून? तं लोक वायरच लावत नाहीत. मी साऱ्यांसमोर म्हटलं, माही आई अमरावतीले लावते, एखाद्या वेळी विसरते तेवढंच, तिच्या गाडीचे आकडे दाखवतो. अन् दाखवाले गेलो तं..." तो थांबला. "सात महिने गाडी जवळपास पेट्रोलवरच चालून राहिली, आई. एका लिटरमागं सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. मान खाली घालून बसलो मी."

मैनाबाईंच्या बोटांवरची डाळ सुकून ताठ झाली होती.

"तुह्यावर रागावत नाही मी. तुले होत नाही आता, माहाच गाढवपणा. पुण्यात गाहक पाहिला आहे. शनिवारपर्यंत त्याले सांगतो. विकून टाकू."

गाडी गेली की तो फोन कशाला करणार? एवढा एकच विचार मैनाबाईंच्या मनात आला, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. बडनेरा मागं पडल्यावर गोपालभाऊंनीच तोंड उघडलं.

"वैनी, एक बोलू? रिकामी बॅटरी घेऊन ही गाडी हाकणं म्हणजे बैलाले गाडीत बसवून आपण जुवाले खांदा देणं होय. दीड क्विंटलचा बैल अकोल्याले फुकट फिरून येऊन राहिला."

"मंग वीज काय गंगाजलातून निघते भाऊ? तिकडं पारसच्या वीजघरात कोळसाच जळते ना."

"जळते ना! फरक काही हत्तीएवढा नाही, बकरीएवढाच असंल. पण वीज पुरते त्या कुरुमपर्यंत लेकरायच्या नाकात धूर तं नाही जात." त्यांनी आरशातून पाहिलं. "मी रोज पायतो, वायर खुंटीले टांगलेली. अन् तुमी मले देवळातून आणलेला नारळ वर्षभरानंबी आठवून मांगता. विसरनारी बाई नाही तुमी."

मैनाबाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

"पोरगा फोन करते का त्याच्यानं?" गोपालभाऊंनी हळूच विचारलं.

"तुमी समोर पाहून गाडी चालवा."

"पायतोच हाय. चौतीस वर्षं एसटी चालवली, मांग काय चाललं ते न पायताच समजे. सांगून टाका त्याले."

"काय सांगू? तुह्या आवाजासाठी मी तुले तुह्या हापिसात खाली पाहाले लावलं, असं?"

गोपालभाऊंनी आरसा फिरवून मागच्या रस्त्यावर लावला.

त्या संध्याकाळी परतल्यावर मैनाबाईंनी निरांजन लावलं आणि वायर लावली. बुधवारी लावली. गुरुवारी, शुक्रवारीही लावली. गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला आणि फोन गप्प पडून राहिला. सगळं सुरळीत आहे म्हटल्यावर कोण कशाला विचारेल? शुक्रवारी त्यांनी भात जास्तीचा टाकला आणि एकट्यानं दोन वेळा खाल्ला.

शनिवारी अंघोळ, पूजा आटोपली. जर्मनीत उजाडलं असेल एवढा वेळ त्या घड्याळापुढं बसून राहिल्या, मग स्वतःच फोन लावला.

"आई? काय झालं? आता तं रोज लावून राहिली तू, दिसते मले. विकू नको म्हणतेस का?"

"मीटिंगमधी आहेस?"

"नाही, बोल."

"मी विसरत नव्हती, गजेंद्र. मले सारं जमते. वायर नाही लावली की तुहा फोन येते, म्हणून नव्हती लावत. सात महिने खोटं बोलली मी तुह्यासंग."

तिकडं मागं कुठंतरी गाडीचं दार लागलं.

"आई..." त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता. "असं कावून केलं? नुसतं म्हणायचं ना, फोन कर म्हणून."

"म्हटलं होतं रे. चार डाव म्हटलं होतं."

मग तो भराभर बोलू लागला. दर रविवारी फोन करीन, गाडी राहू दे, गाहकाला नकार कळवतो. मैनाबाईंनी त्याला बोलू दिलं. दिवाळीला येतो म्हणतानाही तो असाच भराभर बोलायचा.

"नाही राजा. इक तू ते गाडी," त्या म्हणाल्या. "घरी राहिली तं मी परत विसरीन. माहा मले भरोसा नाही."

रविवारी फोन आला. सहा मिनिटं बोलला; त्यानं घड्याळ पाहिलं नसेल, मैनाबाईंनी पाहिलं. त्याच्या पुढच्या रविवारी आला नाही. फुलाचं चित्र आलं, त्याला त्यांनी अंगठा पाठवला. मनकर्णाबाईंकडं आता एसटीनं जायचं ठरलं. गोपालभाऊ म्हणाले, "मीबी येतो वैनी, पाहू तं द्या मांगच्या सीटवरून एसटी कशी दिसते."

पुण्याच्या गाहकानं कागद मागितले आहेत. बाकी सारे कपाटात सापडले, पीयूसीची मुदत तेवढी गेल्या महिन्यात संपलेली निघाली. उद्या सकाळी दहा वाजता गोपालभाऊंसोबत बडनेरा रोडच्या पंपावर जाऊन गाडीचं पीयूसी काढून आणायचं आहे.