डॉर्कसचे राहिलेले प्रवचन

एल्डर, म्हणजे आमचा उपदेशक, बार्नबस स्टॅलर्डने आयुष्यात चारशेच्या वर मर्तिकांची प्रवचने केली, पण स्वतःच्या बायकोचे त्याला जमले नाही. केंटकीच्या आमच्या या डोंगरात लोक हे अजूनही सांगतात, आणि सांगताना थोडे हसतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! केझायाने मात्र हे बोलणे ऐकून कधी ओठ हलवले नाहीत. ती त्याची मुलगी. बापाला ते का जमले नाही, हे साऱ्या खोऱ्यात तिला एकटीला ठाऊक होते.

आमच्याकडे माणूस मेला की शेजारीच पुरतात, आणि प्रवचन मागाहून होते. उपदेशक घोड्यावरून फिरतीला. तो येईल, नदीचे पाणी उतरेल, दूरचे नातलग जमतील, तेव्हा कुठे मेलेल्याच्या नावाने चार शब्द बोलले जातात. कधी वर्षाने, कधी तीन वर्षांनी. तोवर नवरा दुसरे लग्न करून मोकळा होतो. मग पहिलीच्या प्रवचनाला तो हुंदके देतो आणि दुसरी शेजारी बसून त्याची पाठ चोळते. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण प्रवचन झाल्याशिवाय मेलेले माणूस पुरते निरोप घेऊन गेले, असे आमच्यात कुणी मानत नाही.

बार्नबस व्हर्जिनियाकडून घाट ओलांडून आला तेव्हा त्याच्याजवळ एक घोडा, एक बायबल आणि बायको डॉर्कस एवढेच होते. घोडा आणि बायबल घेऊन तो फिरला. डॉर्कस घरी राहिली. तिने झाडे तोडली, मका पेरला, दोन मुले वाढवली. थोरला एसा आणि धाकटी केझाया. एल्डरच्या घरात एक नियम होता. देवाचे वचन सांगायला निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. जो हाकेने मागे वळला तो देवाच्या कामातून गेला, असे तो म्हणायचा. एकदा तो टोपी विसरून निघाला, तरी कुणी हाक मारली नाही. एल्डर महिनाभर बोडक्या डोक्याने हिंडला आणि नाक सोलवटून परत आला.

केझाया आठ वर्षांची होती. एसा नदीपलीकडे मामाकडे गेला होता. डॉर्कसला तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. एल्डरने सकाळी खोगीर घातले, कपाळावर हात ठेवून बायकोसाठी प्रार्थना केली आणि निघाला. तो उतारावरून दिसेनासा झाला आणि डॉर्कसने खाटेची कड धरली.

"केझी, पळ. अजून उतारावर असेल तो, नदी ओलांडली नसेल. त्याला सांग, घरी बोलावलंय."

"पण आई, बा म्हणतो..."

"मला माहितीये तुझा बा काय म्हणतो. तू एवढंच सांग, घरी बोलावलंय."

केझाया पळत गेली. एल्डर नदीच्या मध्यावर होता. पाणी घोड्याच्या पोटाला लागत होते आणि तो मोठ्याने भजन म्हणत होता. ती काठावरच्या झाडाआड उभी राहिली. हाक घशाशी आली होती. पण बा देवाच्या कामातून जाईल आणि ते आपल्यामुळे, या भीतीने तिची वाचाच बसली. घोडा पलीकडच्या काठाला लागला, शेपूट झाडून वर चढला आणि रानात गेला. ती घरी आली आणि म्हणाली, "बा गेला होता. मी पोचायच्या आधीच."

"बरं," डॉर्कस म्हणाली.

तिसऱ्या दिवशी डॉर्कस गेली, बाळही गेले. शेजाऱ्यांनी दोघांना एकाच खड्ड्यात पुरले, वर पावसापासून आडोसा म्हणून लहानसे लाकडी छप्पर घातले. सात आठवड्यांनी एल्डर परत आला. त्याने ते छप्पर पाहिले, घोड्यावरून उतरला आणि केझायाला जवळ घेऊन एकच विचारले, "तिनं मला बोलावलं होतं का गं?"

खरे सांगावे तर बोलवायला कोण गेले होते, हा प्रश्न पुढे उभाच होता.

"नाही, बा," ती म्हणाली.

तिसऱ्या वर्षी कणसे भरल्यावर प्रवचन ठरले. शंभरावर माणसे आली. तोपर्यंत घरात महाला नावाची सावत्र आई आली होती. बाई स्वभावाने चांगली. तीही पहिल्या बाकावर रुमाल घेऊन तयारीत बसली. दुसऱ्या उपदेशकाला बोलावा, असे सगळ्यांनी सांगितले होते, पण एल्डर ऐकेना. तो ओंडक्यावर उभा राहिला, बायबल उघडले आणि म्हणाला, "माझ्या बायकोनं मला कधी अडवलं नाही. शेवटच्या घटकेलासुद्धा तिनं मला हाक मारली नाही. मी इतका..."

पुढचा शब्द आला नाही. तो उभाच राहिला. लोक आधी रडले, मग खोकले, मग एकमेकांकडे बघू लागले. एल्डरने बायबल मिटले आणि तो नदीकडे चालता झाला. अकरा वर्षांची केझाया मूग गिळून बसली होती. मरताना बायकोला आपली आठवणही झाली नाही, हेच त्या माणसाच्या छातीवर बसले होते, आणि तो धोंडा तिच्या एका शब्दाने हलला असता.

तो तिने हलवला नाही. आधी मार बसेल म्हणून. मग लाज वाटली म्हणून. मग इतकी वर्षे गेली की सांगणे हाच वेगळा गुन्हा वाटू लागला. तिचे लग्न झाले, मुलगा झाला, नवरा कोसळत्या झाडाखाली सापडून गेला. एल्डर म्हातारा होऊन तिच्याच घरी येऊन टेकला. शेवटच्या दिवशी त्याने तिचा हात धरला आणि विचारले, "केझी, खरंच काही म्हणाली नव्हती ती?"

सदतीस वर्षे त्याने हे उरात बाळगले होते. ते सारे फुकट होते, असे मरत्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

"नाही, बा. शांत गेली."

"डॉर्कसचं प्रवचन माझ्या रक्ताचाच कुणीतरी करील," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या प्रवचनाला सहा उपदेशक आले आणि तीन दिवस बोलले. डॉर्कसचे तसेच राहिले.

रक्ताचा माणूस मिळेना. आमच्यात उपदेशक कुणी शिकून होत नाही. देवाने हाक द्यावी लागते. एसा मिसूरीला गेला, पिठाच्या चक्कीत रमला. त्याच्या पोराला देवाऐवजी फिडलच्या सुरांनी हाक दिली. केझायाचा एकुलता रूबेन लढाईत गेला आणि कुठे पुरला तेही कळले नाही. रूबेनचा मुलगा एनॉक तिनेच वाढवला. सव्विसाव्या वर्षी एनॉक शेतात नांगर सोडून गुडघ्यांवर बसला आणि रडत घरी आला. त्याला हाक आली होती. सगळ्या खोऱ्याला आनंद झाला. केझायाने चुलीवरची मक्याची भाकरी करपवली.

प्रवचनाच्या आदल्या दिवशी दोघे ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. ती तेव्हा शहात्तर वर्षांची होती.

"आजी, पणजी कशी होती गं? उद्या काय बोलू मी? दिसायला कशी होती?"

केझायाने आठवून पाहिले. चेहरा आठवेना. आवाजसुद्धा पुरता नाही. अडुसष्ट वर्षे तिने आईचे 'घरी बोलावलंय' हे दोन शब्द इतके घट्ट धरले होते की बाकीची आई त्यात निसटून गेली होती. शेंग हातातच राहिली आणि तिने सगळे सांगून टाकले. नदी, झाड, आणि तीनदा बोललेले खोटे.

एनॉक म्हणाला, "तू आठ वर्षांची होतीस, आजी."

"होते की. मग अकराची झाले, विसाची झाले, पंचेचाळीसची झाले. तेव्हा काय जीभ झडली होती माझी?"

"उद्या सांगू का हे लोकांना?"

"सांग. ज्यानं ऐकायला हवं होतं तो ऐकणार नाही. पण सांग."

एनॉकने सांगितले. डॉर्कसने हाक मारली होती, ती एका लहान पोरीच्या भीतीने वाटेत राहिली, एवढेच त्याने साध्या शब्दांत सांगितले. बायका रडल्या. शेजारची ऑर्लेना पुटपुटली, "बघा, एवढीशी पोर, आणि केवढं पोटात ठेवलं!" मग झाडांखाली लांब फळ्या मांडून लोक जेवले आणि सफरचंदाच्या थरांचा केक संपवून घरोघर गेले. अडुसष्ट वर्षे जे राहिले होते ते पार पडले होते. केझाया आईबापाच्या थडग्यांच्या मध्ये उभी राहून हलके वाटण्याची वाट पाहत होती, पण तसे काही वाटले नाही. बापाच्या थडग्याला हे ऐकायला उशीर झाला होता आणि आईच्या थडग्याला सगळे आधीपासून माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एनॉकने खोगीर घातले. तीन आठवड्यांची फिरती होती. त्याची बायको लुव्हिनिया सातव्या महिन्यात होती. ती पिठाच्या हातांनी दारात उभी राहिली आणि काही बोलली नाही. घरातला नियम अजून तोच होता.

"तब्येत बरी आहे ना गं?" केझायाने विचारले.

"बरी आहे, आजी. मला काय धाड भरलीये?"

पण घोडा उतारावरून दिसेनासा झाल्यावर तिने दाराची चौकट धरली. क्षणभरच धरली आणि सोडली. केझायाने ते पाहिले. तिने काठी उचलली आणि उतारावरून निघाली. धापा टाकत, झुडपांना धरत ती खाली आली. एनॉक नदीच्या मध्यावर होता, पाणी घोड्याच्या पोटाला लागत होते. काठावर ते झाड नव्हते. कधीच पुरात गेले होते.

"एनॉक!"

आवाज म्हाताऱ्या बाईचा, पाण्यात विरून गेला. ती बुटांसकट पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत आली आणि छाती फुटेल इतक्या जोराने ओरडली, "एनॉक, मागे फीर!"

त्याने घोडा थांबवला आणि वळून पाहिले.

"काय झालं, आजी? लुव्हिनियाला काही झालं?"

"नाही. काही झालं नाही." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती पाण्यात काठी रोवून उभी होती. "घरी बोलावलंय."

कोणी, असे एनॉकने विचारले नाही. त्याने लगाम ओढला आणि घोडा मागे वळवला.