कावळा आणि गोल्फचा बॉल

बायकोचं वर्षश्राद्ध नेमकं गोल्फच्या सहलीत आलं. मुलाला तिथी कुठली कळायला, त्यानं तारीख बघून बुकिंग केलं. कॅनडात मुलाच्या घरून, म्हणजे मिसिसागाहून विमान, मग दिवसभर गाडी, आणि शेवटी नोव्हा स्कोशियाच्या पार टोकाला, समुद्राला चिकटून हे मैदान. झाड औषधाला नाही. वाळूचे उंचवटे, गुडघाभर गवत आणि टोपी पळवणारा वारा. "बाबा, मन रमेल," म्हणाला. मी चौथी पास. मला एवढंच कळलं, की चांगला बॉल आपणच गवतात घालवायचा आणि आपणच वाकून शोधायचा.

सकाळी लॉजच्या मायक्रोवेव्हमध्ये भात केला, दही कालवलं. तिच्या आवडीची कारल्याची भाजी घरूनच आणली होती. कावळा शिवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मैदानाच्या कडेला दगडावर तिचं पान ठेवलं. कावळा आला, कोंबडीएवढा. भाताकडं ढुंकूनही बघितलं नाही. मुलाचा बॉल चोचीत धरला आणि गेला समुद्राकडं.

"बाबा, दॅट वॉज माय बेस्ट शॉट."

"आईला सांग. तिला गोल्फ आवडायला लागलेला दिसतोय."

खेळ आटोपून पान घेऊन खालच्या गावात गेलो. धक्क्यावर लॉबस्टर धरायचे पिंजरे रचलेले. त्यातल्या एकावर पान ठेवलं. शेडच्या छपरावर कावळे बसलेले, एक हलेना.

"चहात साखर घालणार नाही," मी म्हटलं. काही नाही.

"आई, बाबांना बेसमेंटमध्ये नाही ठेवणार, वरची रूम देतो," मुलगा म्हणाला. तरी नाही.

दुपार टळत आली. ही बया उपाशीच जाते की काय?

"बाबा, तुम्ही खाऊन घ्या. शुगर लो होईल."

"ती उपाशी असताना?"

"आई कधी तुमच्या आधी जेवलीय का?"

खरंच की. सगळ्यांचं उरकल्यावर बाई पातेल्यात काय उरलंय ते बघायची. आधी जेव म्हणून मी जन्मभर ओरडलो. जिवंतपणी ऐकलं नाही, ती मेल्यावर काय ऐकणार?

पिंजऱ्याकडं पाठ करून बसलो, डबा उघडला. गार भात, कडू कारलं. चार घास खाल्ले तोच मागं फडफड झाली.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "आधी कारलं उचललं."

"खाऊ दे. बघत बसू नकोस, तिला आवडत नाही."