कुठल्या बोस्कोलोंची?

क्योज्जाच्या बंदरावर उभं राहून "बोस्कोलो!" अशी हाक मारली तर अर्धं गाव वळून बघतं. म्हणून आमच्याकडे आडनावापुढे घराण्याचं टोपणनाव लावतात, शाळेच्या दाखल्यापासून थडग्यापर्यंत. नोरीनाचं घराणं 'स्तोर्तो', म्हणजे वाकडे. कुठल्या पणज्याची मान वाकडी होती की चाल, ते आता कुणाला आठवत नाही, आणि गावात त्या नावाला कुणी हसतही नाही.

नोरीना कुठल्या चित्रशाळेत गेली नाही. सतराव्या वर्षी ती मामाच्या गोदीत होड्यांची बुडं रंगवायला लागली, पुढे होड्यांवर नावं लिहायला लागली. उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून तिनं मोडक्या फळ्यांवर खाडी रंगवायला घेतली. चुकलं की गोदीत करतात तसं सगळं खरवडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एकेका फळीवर असे सात-आठ थर चढत. त्यातूनच तिचं ते काळपट हिरवं पाणी वर आलं.

"हा रंग डब्यात मिळत नाही," ती ठणकावून सांगे, "चुकून चुकूनच मिळतो."

पन्नाशीला आली तेव्हा मिलानहून गवाझ्झी नावाचा चित्रदालनाचा मालक फळ्या बघायला आला. एकेक फळी त्यानं उजेडाकडे धरून पाहिली. मग घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, प्रदर्शन करू. पण ते स्तोर्तो तेवढं काढा. वाकडी चित्रकर्ती म्हटलं की लोक हसतील. नुसतं बोस्कोलो लिहा. कसं भारदस्त वाटतं!"

मिलानची भिंत मिळतेय म्हटल्यावर नोरीना हुरळली. बाराही फळ्यांवर तिनं नुसतं 'नोरीना बोस्कोलो' लिहिलं.

पत्रकं छापून आली, आणि एक वार्ताहर नुसत्या 'नोरीना बोस्कोलो'ची चौकशी करत गावात आला. गावकऱ्यांनी त्याला सरळ मासळीबाजारात, सेपा घराण्यातल्या नोरीना बोस्कोलोकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी 'क्योज्जाची कलावती' म्हणून पेपरात तिचा फोटो, हातात माकूल!

"अगं, मी घसा फोडून सांगत होते की मी माकुलं साफ करते म्हणून," ती सेपांची नोरीना बाजारात सगळ्यांना सांगत होती. "तर तो मेला म्हणतो, मोठे कलाकार असेच विनयी असतात!"

आपली नोरीना हसून हसून बेजार झाली. पेपर घेऊन घरी आली, तर वडील फेरूच्चो हसेनात.

"बाबा, हसा की जरा!"

"कशाला हसू? माझ्या बापाची होडी बुडाली तेव्हा तीन बोस्कोलो किनाऱ्याला लागले. चेहरे ओळखू येत नव्हते. माझ्या आईनं त्याच्या स्वेटरवर स्तोर्तो विणलं होतं, म्हणून आमचा माणूस आमच्या दारात आला. आणि त्या मिलानवाल्याला लाज वाटते म्हणून तू ते नाव टाकलंस?"

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी नाव टाकलं नव्हतंस."

नोरीनाला जेवण गेलं नाही. प्रदर्शनाच्या दिवशी ती वडिलांना घेऊन मिलानला पोचली, पिशवीत होडीच्या पांढऱ्या रंगाचा डबा. दारं उघडायला तासभर होता. पहिल्या फळीपासून तिनं बोस्कोलोपुढे 'स्तोर्तो' लिहायला सुरुवात केली.

"अहो, हे काय चालवलंय!" गवाझ्झी धावत आला. "पत्रकं छापलीत! थांबा, नाहीतर सगळी चित्रं खाली उतरवतो!"

"उतरवा," ब्रश न थांबवता ती म्हणाली. "नुसते बोस्कोलो आमच्याकडे ढिगानं आहेत, त्यातला एखादा टांगा इथे. ही चित्रं स्तोर्तोंची आहेत."

गवाझ्झीनं भिंतीकडे पाहिलं. बारा फळ्यांवरचं ते पाणी उतरवायचा त्याला धीर झाला नाही. पाय आपटत तो आत निघून गेला.

लोक आले. पहिल्याच फळीपाशी उंची कोटातल्या एका बाईनं नाव मोठ्यानं वाचलं आणि तोंडावर हात धरून ती फिसकन हसली. नोरीना मागे सरली. फेरूच्चो मात्र हात पाठीमागे बांधून शांतपणे त्या बाईसमोर जाऊन उभे राहिले.

"हसा बाई, मोकळेपणानं हसा," ते म्हणाले. "स्तोर्तो मीच. ही माझी मुलगी."