वेधशाळेच्या पायऱ्या

आज गच्चीच्या भिंतीला चुना लावला आणि त्या ओल्या वासानं मला उज्जैनची वेधशाळा आठवली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी मामाजींपुढे, म्हणजे सासऱ्यांपुढे, मी कधी तोंड उघडलं नव्हतं. अमडापूरला आमच्या घरी तशीच रीत होती.

ऊन उतरलं होतं. पांढऱ्या भिंतीची सावली वेळ कशी दाखवते, ते मामाजी ह्यांना समजावून सांगत होते. दोघांची पाठ माझ्याकडे होती. तेवढ्यात माझी चार वर्षांची सुमी त्या भिंतीवरच्या अरुंद पायऱ्या चढून गेली आणि अगदी वरून खाली वाकली. ओरडावं तर मामाजी समोर. मी ह्यांची बाही ओढली.

"थांब ना, ऐकून राह्यलो," हे म्हणाले.

सुमीची चप्पल खाली पडली. तेव्हा मी किंचाळले, "सुमे, खाली बस."

ती बसली. ह्यांनी धावत जाऊन तिला उतरवलं. माझा डोक्यावरचा पदर गळून पडला होता. मामाजी माझ्याकडे बघत राहिले.

"सुनेले आवाज आहे म्हना. मले वाटे, मुकीच आनली."

घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही. तेव्हा मला ओरडल्याची लाज वाटत होती. आता वाटते ती चप्पल पडेपर्यंत गप्प राहिल्याची.