वीज गाळणारा डबा

बाबांची नजर गेली तेव्हापासून त्यांचा दिवस माझ्या ॲम्प्लिफायरवर चालतो. दुपारची जेवणं झाली की सतारीची एक लांबलचक रेकॉर्ड लावायची, हा सुलतानपूरच्या आमच्या घरचा नेम. पण ती त्यांनी कधी पुरी ऐकली नव्हती. नेमकी त्याच वेळी शेतीची लाइन जायची, शिवारातल्या मोटारी एकदम बंद पडायच्या आणि घरातलं व्होल्टेज उसळायचं. एक ॲम्प्लिफायर असाच जळला होता. तेव्हापासून बाबा एक कान सतारीकडे आणि एक पंख्याकडे ठेवून बसत. पंख्याचा आवाज चढला की ओरडत, "लाइन वाढली! बंद कर, बंद कर!"

मी आवाजाचा शौकीन. बायकोच्या भाषेत रिकामटेकडा. देऊळगाव राजाच्या एका दुकानदारानं मला पॉवर कंडिशनर दाखवला. व्होल्टेज सांभाळतो, धक्का अडवतो, वर वीज गाळून आवाजही खुलवतो म्हणे. मी भाळलो. घरी आणून जोडला आणि जाहीर केलं, "बाबा, काय खुललाय आवाज!"

"कालच्यासारखाच हाय," बाबा म्हणाले. "ईज काय चहा हाय, गाळून प्याले?"

राग आला, पण खरं होतं. लावून ऐकलं, काढून ऐकलं, तसूभर फरक नाही. चिडून पुस्तिका वाचली, तर अर्थिंग नसेल तर धक्काही नीट अडत नाही, असं लिहिलेलं. आमच्या बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेचं, आत तारच नाही. आमच्याकडे प्लगची तिसरी पिन आडवी आली की सरळ मोडून टाकतात. मग न्हाणीमागे अर्थिंगचा खड्डा घेतला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा-मीठ भरलं, तिची तार बोर्डापर्यंत आणली. ओल टिकावी म्हणून उन्हाळ्यात बायको त्यात रोज बादली ओतायची आणि टोमणा मारायची, "तुळशीले नाही एवढं पाणी या खड्ड्याले!" तरी बाबांचा भरवसा बसेना. पंखा चढला की ओरडणं चालूच.

मे महिन्यात एका दुपारी सतार चालू असतानाच आभाळ भरून आलं आणि जवळच्या खांबावर वीज कोसळली. फाडकन आवाज, जळका वास, सगळं गप्प.

"गेलं?" बाबांनी एवढंच विचारलं.

शेजारचा टीव्ही गेला, पलीकडचा फ्रीज गेला. लाइन आल्यावर मी ॲम्प्लिफायर थेट भिंतीवरच्या बोर्डाला जोडला. दिवा लागला! कंडिशनर मात्र मेला होता. उघडला, तर आत एक चपटी चकती फुटून काळी पडलेली. ती मी बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली.

"एवढ्याशा टिकलीनं आडवली ईज?"

माझ्या अंगावर काटा आला. आभाळातून सुटून तारांतून धावत आलेली ती ताकद, आणि हिनं ती अंगावर घेतली. पुस्तिकेत हे सगळं छापलेलं होतं, तरी विश्वास बसेना. मी चक्क हात जोडले.

नवा डबा बाबांनीच घाई करून आणवला. पहिल्याच दुपारी पंखा भणाणला. बाबांनी मान वळवली, पण ओरडले नाहीत. सतारीची लय वाढत गेली, आणखी वाढली, तारांवर बोटं ठरेनात, आणि मग रेकॉर्ड पुरी झाली. 

"इतकी वर्षं मले वाटे, हा सतारवाला मानूस लई उदास हाय," बाबा म्हणाले. "हा तं शेवटी नाचून राह्यला!"