माझ्याच पेशींची शिसारी

चैत्र सरत आला की नागभीडच्या आमच्या घरामागे वाळत घातलेल्या मोहफुलांचा आंबूस-गोड वास उन्हाबरोबर चढत जातो आणि मला मळमळतं. अशाच एका दुपारी न्हाणीघरात माझे पाय एकाएकी परके झाले. ओल्या फरशीवर मी कोसळले आणि मांडीवरून ओघळणारी मूत्राची धार मला जाणवली नाही, नुसती दिसली.

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना टी-पेशींना मी शरीराचे पहारेकरी म्हणत आले होते. चार वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यापुढे धुरकट पडदा आला, तेव्हा कळलं की माझ्या पहारेकऱ्यांनी मज्जातंतूंवरच्या आवरणालाच शत्रू ठरवलं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस. नागपूरच्या डॉक्टरांची गोळी त्या पेशींना लसिकाग्रंथींतच अडवून ठेवी, मेंदूकडे फिरकू देत नसे. तीन-साडेतीन वर्षं काही घडलं नाही. मग त्या रोजच्या गोळीचीच शिसारी आली. आपण बऱ्या झालो असं ठरवून, कुणालाही न सांगता मी ती थांबवली. त्यानंतर दोनच महिन्यांत ही दुपार आली.

आईने दार लोटलं.

"काऊन बसली अशी?" मग तिने पाहिलं, बादली ओढली.

"हात नको लावू. किळस येते."

"कोनाले? मले त नाई येऊन राह्यली."

नागपूरला स्टेरॉइडची सलाईन लागली. गोळी बंद केल्याचं मी कबूल केलं तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. "अडवलेल्या पेशी सुटल्या की झुंडीनं निघतात, मॅडम. काही तर मेंदूतच वस्ती करतात, वर्षानुवर्षं दबा धरून. त्यांना स्मरण असतं." लसीकरणाच्या धड्यात 'स्मरण' हा शब्द मी किती कौतुकाने उच्चारत असे! आता अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

गोळी पुन्हा सुरू झाली. उजवा पाय सावरला. डावा अजून फरफटतो. संध्याकाळी आई त्याला तेल चोळते. एकदा तिने विचारलं, "त्या पेशी मरत नाईत का?"

"काही माझ्याबरोबरच मरतील."

"मंग तुह्याच झाल्या," ती म्हणाली आणि चोळत राहिली.

किळस गेली नाही. पण त्या दिवशी मी पाय मागे ओढला नाही. डोळे मिटले; आईने कुठलं बोट धरलं आहे ते मला कळत नव्हतं, आणि कळायलाच हवं असंही, क्षणभर, वाटलं नाही.